अर्धवट हजामत

हर्नियाच्या पेशंटच्या पोटावरचे निम्मे केस काढून झाले आणि वॉर्डातल्या न्हावीकाकांचा हात थांबला. “एवढा घाम कसला फुटलाय?”

“भीती वाटतेय, दुसरं काय. जबडाही आवळल्यासारखा झालाय,” पेशंट हसत म्हणाला.

काकांनी सिस्टरना हाक मारली. “यांचा ईसीजी काढा.”

“कालच काढलाय काका, नॉर्मल आहे. तुम्ही हात चालवा, ऑपरेशन थिएटरमधून दोनदा फोन आलाय.”

काकांनी वस्तरा पुसून पेटीत ठेवला आणि पेटी काखोटीला मारून ते स्टुलावर बसले. “अर्ध्या केसांनिशी यांना कुणी आत घेणार नाही. आता एक तर ईसीजी निघेल, नाहीतर तिसरा फोन येईल.”

सिस्टर धुसफुसत मशीन घेऊन आल्या. कागद बाहेर येऊ लागला तसा त्यांचा चेहरा बदलला. स्ट्रेचर थिएटरऐवजी हृदयविकार विभागाकडे पळालं.

संध्याकाळी पेशंट धोक्याबाहेर आला. डॉक्टर मुद्दाम काकांना शोधत आले. “छातीत दुखत नव्हतं, तरी हार्ट अटॅक ओळखलात. कमाल आहे तुमची.”

“असाच थंडगार घाम पूर्वी एकदा पाहिला होता,” काका म्हणाले. “त्या वेळी मी आधी काम पुरं केलं.”