पाचवी गादी

"जागा नाही," मावशींनी तिसऱ्यांदा सांगितलं.

दारातली तरुण बाई काही हलेना. तिच्या नखांच्या कडेला गुलाबी मेण अडकलं होतं आणि हाताला धरून सहा वर्षांची पोर उभी होती. "पण काकू, तुमच्याकडे चारच मुलं आहेत. पाचवी गादी गुंडाळलेली दिसतेय मला इथून."

पाळणाघर मावशींच्या राहत्या घरात, तिसऱ्या मजल्यावर चालायचं. परवाना पाच मुलांचा. शाळांना सुट्टी लागली की विचारणाऱ्यांची रीघ लागे आणि गाद्या तेवढ्याच राहत. म्हणून मावशींचा नियम होता: मूल येणार नसेल त्या दिवसांची अर्धी फी आगाऊ भरा, जागा तुमची. या नियमापायी त्यांनी सख्ख्या भाच्यालाही परत पाठवलं होतं. बहीण वर्षभर बोलत नव्हती, ते वेगळंच.

"ती जागा राखलेली आहे," मावशी म्हणाल्या. "एका आजींनी नातवासाठी पैसे भरलेत. परगावी असतो तो. तिकीट मिळालं की येईल."

"कधी भरले?"

"काल सकाळी."

"परवा मी फोन केला होता तुम्हाला! एक जागा आहे म्हणालात. मी तर घरात सगळ्यांना सांगूनही टाकलं."

"फोन तू केलास. पैसे त्यांनी भरले."

हे बोलून झाल्यावर मावशींना स्वतःचाच राग आला. बाई मात्र चिडली नाही. ती कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. चार वर्षं नुसते साचे ओतल्यावर आता कुठे दात बसवायचं काम हातात आलं होतं. नवरा फिरतीवर, सासूबाईंचे गुडघे दुखतात, दिवसभर पोरीमागे धावणार कोण? मालकांनी पोरीला सोबत आणायची परवानगी दिली होती, पण फक्त पुढच्या शनिवारपर्यंत. तिथे भट्टी असते, आम्ल असतं.

"आई सगळ्यांना दात बनवते," पोर मध्येच म्हणाली आणि पुढची दोन्ही खिंडारं दाखवून हसली. "मलाच देत नाही."

मावशींनाही हसू आलं. दार लावताना त्यांनी मनातल्या मनात त्या बाईचं नाव कवळीवाली ठेवलं.

कवळीवाली रोज संध्याकाळी येऊ लागली. "कुणी सोडली का जागा?" एवढंच विचारायची आणि पोरीला घेऊन जिने उतरायची. सहा वाजत आले की मावशींचं लक्ष घड्याळाकडे जाई. तिचं येणं नको वाटे, आणि पाच मिनिटं उशीर झाला तरी जीव थाऱ्यावर राहत नसे.

सोमवारी सकाळी साडेदहाला आजी आल्या, दुसऱ्या आठवड्याची अर्धी फी घेऊन. नेसणं नीटनेटकं, पाठ ताठ. तीन जिने चढूनही धाप नाही.

"नातू नाही आला अजून?" मावशींनी विचारलं.

"येईल. सुनेच्या मनावर आहे सगळं."

मावशींनी काय ते ओळखलं. सून पाठवत नसणार, आणि ही बिचारी गादी राखून वाट बघत बसलेली. आजींबद्दल त्यांना एकदम माया वाटली. तरी त्या चाचरत म्हणाल्या, "एक मुलगी रोज विचारायला येते हो. नोकरी जायची वेळ आलीय तिच्यावर. तुमचा नातू येईपर्यंत तिच्या पोरीला..."

"रोज येते?"

"रोज."

आजींनी पर्स मिटली. "मी पैसे भरलेत ना? मग जागा माझी. नियम तुमचाच आहे."

मावशींनी पैसे मोजून घेतले.

त्या आठवड्यात मावशींना कशातच चैन पडेना. भात दोनदा लागला. दुपारी चार मुलं झोपली की त्या पाचवी गादी उलगडायच्या, उगाच झटकायच्या आणि पुन्हा गुंडाळून ठेवायच्या. नियम करताना तो कुणाच्या गळ्याशी येईल हे कधी मनातच आलं नव्हतं. एकीकडे म्हातारीची आशा, दुसरीकडे कवळीवालीची भाकरी. कुणाचं पारडं जड म्हणायचं?

शुक्रवारी कवळीवालीनं काहीच विचारलं नाही. तिनं घरचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी पुढे केली. "उद्या संध्याकाळपर्यंत मालकांना सांगायचंय. काही झालं तर कळवाल?" डोळे सुजलेले होते. "घरी पण रोज तेच चाललंय, काकू. सोडून दे, सोडून दे. मला नाही सोडायचं हो हे काम."

मावशींनी चिठ्ठी ठेवून घेतली. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

शनिवारी पाळणाघर दुपारी बंद व्हायचं. शेवटचं मूल गेलं तशा मावशी उठल्या. नियम गेला खड्ड्यात. सोमवारी आजींचे दोन्ही आठवड्यांचे पैसे परत करायचे, पाया पडून माफी मागायची. चिडल्या तर चिडू देत. नातू आलाच तर बघू काय करायचं ते.

चिठ्ठी घेऊन त्या निघाल्या. घर दोनच गल्ल्या पलीकडे होतं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडायला निघालेल्या मावशी इतक्या भराभरा चालत होत्या की कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं दुकानाबाहेर येऊन पाहिलं. त्यांना फार हलकं वाटत होतं. सांगितल्यावर कवळीवालीचा चेहरा कसा होईल, हे त्या वाटभर बघत होत्या. त्यांनी बेल दाबली.

दार आजींनी उघडलं.

त्या जराही गडबडल्या नाहीत. आत एकदा वळून पाहिलं, दार मागे ओढून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बरं झालं आलात. जागा देऊन टाका आता कुणालाही. सूनबाईनं सकाळीच राजीनामा दिला."