पहिला परदेश

श्रीधररावांच्या दहाव्याला घाटावर पिंड मांडून तास उलटला, तरी कावळा काही शिवेना. समोरच्या झाडावर चार-पाच बसले होते, पण खाली एकही उतरत नव्हता.

"बाबा, मी आईला सांभाळीन," केयूर हात जोडून म्हणाला. कावळे जागचे हलले नाहीत.

"अगं हेमा, माझ्या भावाचा जीव त्या सहलीत अडकलाय," वन्सं म्हणाल्या. "पहिला परदेश स्वित्झर्लंडच, हा त्याचा हट्ट. तू या एकाच गोष्टीत बाली, बाली करत अडून बसलीस आणि जाणंच राहिलं. आता तरी म्हण, स्वित्झर्लंडला जाईन म्हणून."

हेमाताई पिंडाकडे बघत राहिल्या. दहा दिवसांत रडू आलं नव्हतं. आताही काहीच येत नव्हतं. पिंडापुढे दिलेला शब्द मोडता येत नाही, एवढंच त्यांना कळत होतं.

"म्हण ना आई," केयूर कुजबुजला. "नुसतं म्हणायला काय जातंय?"

हेमाताईंनी पदर सावरला.

"गुरुजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववा. मी बालीला जाणार आहे."