चवीनुसार मीठ

लक्ष्मीपूजनाला यंदा काहीतरी नवं करायचं म्हणून सविताने परभणीहून पनीर मागवलं आणि मोबाईल बघत बघत मखनीचा घाट घातला. मोबाईलमधली बाई हसून म्हणाली, "मीठ चवीनुसार." सविताने रश्शाचा थेंब तळहातावर घेतला, तोच सासू कमलबाई कडाडल्या, "नैवेद्य दाखवल्याबिगर जिभेला लावू नको. उष्टं होतंय!" दुपारपासून हेच चाललं होतं. 'मग चवीनुसार टाकू कसं, कपाळ माझं!' मनातल्या मनात चरफडत तिने अंदाजाने एक चमचा मीठ टाकलं आणि अंगणात पणत्या लावायला गेली.

पूजा झाली, नैवेद्य दाखवला, सगळे जेवायला बसले. पहिल्याच घासाला नवऱ्याने तोंड वाकडं केलं. "लय खारट झालंय!"

"मी एकच चमचा टाकलाय," सविता रडकुंडीला आली.

"एका चमच्यानं काय होतंय?" कमलबाई फणकारल्या. "तू पणत्या लावायला गेलीस तवा लय फिकं लागलं, म्हून मीच मूठभर टाकलं."

सविताने डोळे पुसले. "आत्याबाई, तवा नैवेद्य कुठं दाखवला होता?"

कमलबाईंनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि काही केल्या खाली ठेवीनात.