हृदयाचा चौकोन

रेघ ठिपक्यांवरून जाईना.

ताईने यकृत जरा हावरट केलं. नाही.

आतडं वाजवीपेक्षा जास्त लोह शोषतंय असं धरलं. नाही.

थोडं प्लीहेत दडवून ठेवलं. नाहीच.

पडद्यावर माणूस नव्हता. पाच चौकोन होते, त्यांच्यामधले बाण होते, आणि दर तीन आठवड्यांनी रक्ताच्या पिशवीबरोबर आत येणारं लोह होतं. बाहेर जायला त्याला एकच वाट, गोळ्यांची. ती बंद झाली की लोह साचत जातं. आधी यकृतात, मग हृदयात. थॅलेसेमियाच्या शंभर रुग्णांवर हे मॉडेल मुकाट चाललं होतं. एकशे एकावी फाईल तिच्या धाकट्या भावाची. ती तिने घरून गुपचूप आणली होती; ठिपके म्हणजे त्यातले त्याच्या रक्ततपासण्यांचे लोहाचे आकडे.

शेजारच्या टेबलावरच्या गणितवाल्याने चष्मा कपाळावर चढवला. "तीन दिवस झाले. त्या बिचाऱ्याचं अख्खं शरीर बदलून झालं तुझं. गोळ्यांना तेवढा हात लावत नाहीस."

"गोळ्या तो रोज घेतो. रिकामी पट्टी मी स्वतः बघते."

"पट्टी रिकामी झाली हे खरं. पण कुणाच्या पोटात?"

त्याचं तोंड बंद करायचं म्हणून तिने गेल्या मार्चपासून गोळ्या शून्य केल्या. रेघ उठली आणि एकेका ठिपक्यावरून सरळ निघून गेली. पहिले दोन ठिपके तेवढे वर राहिले. लॅबवाल्यांचा घोळ असणार, म्हणून तिने ते सोडून दिले. तिने हृदयाच्या चौकोनाचा आलेख उघडला. तांबडी रेघ धोक्याची पातळी ओलांडत होती ती पुढच्या वर्षी, डिसेंबरात. म्हणजे सवड होती. तिने श्वास सोडला.

दार ढकलून धाकटा आत आला. रक्त चढवून थेट इथेच. कोपराच्या खळग्यात कापूस, गालांवर तुकतुकी.

"काय प्रोफेसरीणबाई! नवं कोरं रक्त भरून आलोय. आज जरा जपून बोलायचं माझ्याशी."

"गोळ्या घेतोस?"

"घेतो की. पट्ट्या मोजतेस ना तू?"

ती हसली नाही. खुर्ची बाजूला सरकवली. पडद्याच्या डोक्यावर त्याचीच जन्मतारीख होती. गणितवाला पाण्याची बाटली उचलून बाहेर सटकला.

धाकटा पडद्याजवळ सरकला.

"बेसिनमध्ये," तो म्हणाला. "घेतल्या की दिवसभर मळमळतं गं. रक्त चढवलं की चार दिवस मी माणसात असतो. तेही ओकत काढू?"

"मार्चपासून. मार्चपासूनच ना?"

त्याने त्या दोन ठिपक्यांवर बोट ठेवलं. "हे का सोडलेस? हेही माझेच आहेत."

"कधीपासून?"

"नोकरी लागली तेव्हापासून. पहिल्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर ओकलो होतो."

अडीच वर्षं. तिने तारीख बदलली, आणि पुढचं बटण काही तिच्याने दाबवेना.

"दाब की," तो म्हणाला. मग तिच्या खांद्यावरून वाकून त्यानेच दाबलं.

दोन्ही ठिपके रेघेवर येऊन बसले. खाली हृदयाची तांबडी रेघ चढू लागली. धोक्याच्या पातळीला ती भिडली आणि पार झाली, तरी आलेखावर आजची तारीख अजून पुढेच होती.

"बसलं की गं सगळं!" धाकटा खूश होऊन म्हणाला. "आता सांग, आजचा दिवस कुठाय यात?"

ताईने पडद्यावर तळहात ठेवला.

"हात काढ ना, ताई."

तिने दुसराही ठेवला.