मनगटपट्टीतलं कार्ड

“ऑगस्टमधली स्मरणचाचणी त्याला नीट द्यायला लाव, पोरी,” अमेरिकन फुटबॉलमधल्या एका निवृत्त क्वार्टरबॅकची, म्हणजे संघाचे डाव चालवणाऱ्या खेळाडूची, बायको लोरेटा म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. डोक्याला मार बसला की पुन्हा चाचणी घेऊन गुण ऑगस्टच्या गुणांशी ताडून बघतात, म्हणून पुढे फरक दिसू नये यासाठी खेळाडू ऑगस्टमध्येच मुद्दाम चुकतात. माझा नवरा ब्रँटही चुकला. व्यवस्थापनाने राखीव क्वार्टरबॅकला काढून टाकलं होतं. संघाचा हंगाम ब्रँटच्याच हातात होता. रविवारी तो डोक्यावर आपटला, तरी चाचणीत पास झाला. “डोकं आहे की दगड?” मॅनेजर हसले. बुधवारी तो सरावाहून आल्यावर मी त्याची मनगटपट्टी धुवायला घेतली. आतल्या कार्डावर छापलेल्या डावांखाली त्याने लिहिलं होतं, ‘मुलगी: आयव्ही.’ मी संघाबाहेरच्या डॉक्टरांना फोन लावला. तुमच्याकडे कोणी ‘मला काही झालं नाही’ म्हणत असेल, तर त्याला आज मुलांची नावं विचारून बघा.