शनिवारचं मांस

"डावीकडचं," आई म्हणाली आणि चमचा खाली ठेवून तिने ओठ पुसले. "हे फिदेन्सियोकडचं. डोळे बांधून दिलंस तरी ओळखेन."

नाबोरने टेबलावरच्या दोन्ही वाडग्यांकडे पाहिलं. एका रश्शात आईने शनिवारी बाजारातून आणलेलं नळीचं मांस होतं, दुसऱ्यात तो नोकरी करत होता त्या सुपरमार्केटातलं. लाल मिरची तीच, मक्याच्या कणसाचे तुकडे तेच, रांधणाराही तोच. डावीकडचं सुपरमार्केटातलं होतं.

पैज त्यानेच लावली होती. जानेवारीत बाजाराच्या पायऱ्यांवरून आई घसरली आणि बरेच दिवस अंथरुणावर पडून होती. तेव्हापासून त्याचं टुमणं चालू होतं की आता बाजार पुरे. पोटचा पोरगा मांस विभागाचा प्रमुख असताना बस बदलत पुएब्ला शहराच्या त्या टोकाला जायचं कशाला? पण आई ऐकेल तर शपथ.

"तुमचं मांस प्लॅस्टिकखाली गुदमरतं," ती म्हणायची. "फिदेन्सियो माणूस बघून कापतो. शिवाय वर एक नळी फुकट टाकतो. तुमच्याकडे टाकतं का कुणी?"

शेवटी असं ठरलं की चवीवरून तिने बाजारचं मांस ओळखलं तर शनिवार तिचा. नाही ओळखलं तर बाजार बंद आणि घरात सुपरमार्केटचंच मांस.

"बोल की," आई म्हणाली. "तोर्तियाचा घास अडकला का घशात?"

ती चेष्टा करत होती, पण तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. वडील गेल्यावर ती कितीतरी महिने खिडकीशी नुसती बसून असायची. अलीकडे कुठे शनिवार उजाडला की कानात डूल घालून गुणगुणत बाहेर पडायला लागली होती. 

"जिंकलीस," तो म्हणाला.

"मग! मला शिकवतोय," आई म्हणाली आणि उजवीकडचा वाडगाही तिने चाटूनपुसून संपवला.

"पण या शनिवारी मी गाडीने सोडतो तुला."

"काही नको. मी काय पार्सल आहे? तू आपला तुझे ट्रे गुंडाळ."

नाबोरला काही राहवेना. शनिवारी त्याने सुट्टी काढली आणि ती बसने गेल्यावर थोड्या वेळाने गाडी काढली. तिच्या मागावर जायचं नव्हतं त्याला. फिदेन्सियोकाकांना एवढंच सांगायचं होतं की म्हातारीला पायऱ्या उतरवून बसपर्यंत पोचवत जा. लहानपणी त्यांच्या मांसाच्या गाळ्यासमोर तो आईचा हात सोडत नसे. सुपरमार्केटात लागल्यापासून मात्र इकडे फिरकलाच नव्हता, आणि आता कोणत्या तोंडाने जायचं, हेही होतंच.

गाळा बंद होता. शटरवर कुणीतरी विकायच्या केरसुण्या टांगल्या होत्या.

"कोण, एदुविगेसबाईंचा नाबोर ना?" शेजारच्या गाळ्यातून कोंबडीवाली चोले म्हणाली. "बाजाराची वाट कशी काय सापडली बाबा तुला?"

"फिदेन्सियोकाका आले नाहीत का आज?"

"आज? पितरांच्या सणाला त्याने गाळा बंद केला, तो कायमचाच. खांदा गेला बिचाऱ्याचा. सुरा उचलवेना."

पितरांचा सण नोव्हेंबरात होऊन गेला होता. नाबोरला हिशेब लागेना.

"पण आई तर दर शनिवारी त्यांच्याकडूनच मांस आणते."

चोलेने हातातली कोंबडी फळीवर ठेवली आणि त्याच्याकडे जरा नीट पाहिलं.

"आणते की," ती म्हणाली. "मागच्या खानावळीत बघ, कोपऱ्यातल्या टेबलाशी. आणि हे बघ, तिथे जाऊन तमाशा करू नकोस."

नाबोर फळवाल्याच्या पपयांच्या ढिगाआड थांबला. आई पाठमोरी बसली होती. समोर इस्त्रीचा शर्ट घालून, नीट भांग पाडून फिदेन्सियोकाका. दोघांमध्ये कॉफीचे कप, आणि काकांच्या मांडीवर सुपरमार्केटची पिशवी.

काकांनी पिशवीतून एक ट्रे काढला. त्यावरचं किंचित तिरकं पिवळं लेबल नाबोरने लांबूनच ओळखलं. तो ट्रे काल संध्याकाळी त्यानेच भरला होता. काकांनी वरचं प्लॅस्टिक फाडलं, मांस जाड तपकिरी कागदावर ओतलं, मग दुसऱ्या छोट्या ट्रेमधली विकत आणलेली नळी काढून वर ठेवली. कागदाच्या घड्या अजूनही सफाईने पडत होत्या. दोरा बांधताना मात्र खांदा आड आला, तेव्हा आईने पुढे होऊन गाठीवर बोट धरलं. गाठ बसली, तरी दोघांचे हात तिथेच राहिले.

नाबोरला पुढे जावं की मागे फिरावं, कळेना.

"एदुविगेस, पुढच्या खेपेला दुसरीकडून आणतो," काका म्हणाले. "एक दिवस नाबोरच मला तिथे पकडणार. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं की, स्वस्तही आहे."

"मुळीच नाही," आई म्हणाली. "पकडलं तर पकडू दे. माझ्या पोरासारखं मांस कापणारा अख्ख्या पुएब्लात कुणी नाही, तुला धरून."