बांगडीची चूक

देवापुढची वात सारताना ऋजुताच्या हातातली रक्त तपासणारी बांगडी लाल झाली आणि नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, "रक्तात गुप्तरोगाची खूण दिसते. पक्की तपासणी करते आहे, थांबा."

सासूबाईंच्या हातातलं तबक खाली पडलं. "अगंबाई! सोळा सोमवार करणारी तू, आणि हे गं काय?"

 इतक्यात ऋजुताचा नवरा हृषीकेश पुढे आला. "आई, तिला बोलू नकोस. माझ्याकडूनच आलं असणार. नाशिकला... चुकलो गं मी."

बांगडी हिरवी झाली. "पक्क्या तपासणीत रोग नाही. आपल्याला दिवस गेले आहेत. अशा वेळी पहिली तपासणी कधीकधी फसते. अभिनंदन!"

सासूबाई साखर आणायला धावल्या. ऋजुताने पोटावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "नाशिकला कोण?"